लेटेक्स वाळेपर्यंत

नाही, तोंड उघडू नकोस म्हटलं ना — ओलं आहे अजून. आत्ता बोललीस की ओठांच्या कडेला चीर पडते आणि मग सगळं सोलून काढा, पुन्हा पहिल्यापासून. काय हवंय ते बोटानं दाखव. पाणी? पाणी नंतर. डोळ्यांना झोंबतंय? झोंबणारच, या लेटेक्सच्या वासानं भल्याभल्यांच्या डोळ्यांना धार लागते, त्यात रडण्यासारखं काही नाही. मिटून घे डोळे. गाल ताणून धर — असा, दोन बोटांनी, कानाकडे — हां. आता मी कागद चिकटवते, वरून ड्रायर फिरवते, वाळला की तू गाल सोडायचास, की बघ कशा सुरकुत्या पडतात एकेक. उजवी बाजू किती छान उतरलीय, आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय म्हणून, नाहीतर स्वतःलाच घाबरली असतीस. तुझी कातडी घट्ट ना अजून, म्हणून वेळ लागतो. माझं असतं तर एवढा खटाटोप करावाच लागला नसता — केसांत पावडर टाकली, खांदे पाडले, झाली म्हातारी तयार. हसू नकोस. अगं, गमतीनं म्हणतेय मी.

सरांचंही एकेक खूळ असतं बघ. आता दुसऱ्या कुठल्या नाट्यवर्गात असा नियम ऐकलायस का, की ज्याची मुख्य भूमिका त्याला त्याच्या बदलीनंच, आयत्या वेळी त्याच्या जागी उभं राहणाऱ्यानंच, रंगवायचं? म्हणे ज्याचा जीव जळतो त्यानंच रंग लावायचा, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तासभर हात फिरला की जळणं आपोआप शमतं. लोक माना डोलावतात. पोरांच्या वर्गातसुद्धा हाच नियम, तरुणांच्या वर्गातसुद्धा हाच — मागच्या वेळी त्या दोन मैत्रिणी, एकीनं दुसरीच्या भुवया अशा काही काढल्या की बिचारी राणी कमी आणि घुबड जास्त दिसत होती. शमलं का जळणं? कसलं शमतंय. पण आपलं तसं नाही, आपण घरच्या. मी तुझी थोरली जाऊ, मला कशाला जळायला होतंय? आणि सरांनी मला बदली नेमलं ते काही उगाच नाही. एवढ्या तालमी झाल्या, पण एकदाही मला म्हणाले नाहीत, की जरा म्हणून दाखवा. इतका विश्वास. दुसऱ्या कुणाला बदली केलं असतं तर चार वेळा उभं करून ऐकलं असतं.

मान सरळ ठेव. मान खाली घालायची सवयच आहे तुला, ती काही नाटकानं गेलेली नाही. तुला या समाजकेंद्रात आणलं कुणी? मीच ना. भावजी तर म्हणाले होते, वहिनी, तिला कशाला फरफटत नेताय, तिला चारचौघांत धड नाव सांगता येत नाही. मी म्हटलं, अहो, तेवढाच बाहेरचा वारा लागेल, मलाही सोबत होईल, बसेल कोपऱ्यात कपडे शिवत — ही खोली शिवणवर्गाचीच, म्हणून सुचलं मला. तू कपडे शिवायचेस, मी नाटकात काम करायचं, असं ठरलं होतं आपलं. ठरलं होतं म्हणजे — मी ठरवलं होतं, तू मान हलवलीस. तू काय, सगळ्यालाच मान हलवतेस. नवी सून म्हणून आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, चहा घेणार की कॉफी, आणि तू त्या कॉफीच्या 'क'वर अशी अडकलीस, अशी अडकलीस, की सासूबाई गॅस बंद करून तुझ्याकडेच बघत राहिल्या. मी म्हटलं, तिला चहा चालतो. तेव्हापासून तू चहा पितेस. आवडत नाही ना तुला? माहीत आहे मला.

आणि मग फोन आला तर मी घ्यायचा, गॅसवाला आला तर मी बोलायचं, बँकेत मी, दवाखान्यात मी. डॉक्टर तुला विचारायचे, कुठे दुखतंय, आणि मी सांगायची. कधी कधी तर तू पोटाला हात लावायचीस आणि मी पाठ सांगायची, कारण मला दिसायचं ना, पाठच दुखतेय ते. तुझ्या पोरीच्या शाळेत कोण जायचं? तिच्या बाई मला आईच समजत होत्या, आणि मी काही दुरुस्त केलं नाही — उगाच भर वर्गात कशाला खुलासे करत बसायचं. पोरगी माझा हात धरून उभी असायची. मोठी आई म्हणायची मला. मला मूल नाही, हे काय नव्यानं सांगायला नको तुला, पण त्या शाळेच्या फाटकातून आत जाताना मला कधी तसं वाटलं नाही बघ. परवा तू गेलीस. एकटी. न सांगता. मी तयार होऊन, पर्स खांद्याला लावून खाली आले, तर तुमच्या घराला कुलूप. आणि बाईंनी म्हणे पोरीला विचारलं, मग त्या नेहमी येतात त्या कोण गं? तर पोरगी म्हणाली, काकू. तीच सांगत होती मला, हसत हसत, अशी मजा झाली म्हणून. काकू. बरोबरच आहे की, काकूच आहे मी. नातं काही चुकीचं नाही सांगितलं तिनं. गाल सैल सोडू नकोस, मध्येच सोडलास तर सुरकुत्या पडत नाहीत, नुसता कागद लोंबतो.

काय सांगत होते? हां, वाचनाचा दिवस. सगळे गोल करून बसलो होतो, सरांनी संहिता फिरवायला दिली, ज्याच्या हातात येईल त्यानं दोन पानं वाचायची. म्हातारीचं काम माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबलं. एक खुर्ची अलीकडे, बस, एकच. आणि तू तिथे फक्त माझा चष्मा आणून द्यायला आलेलीस, शिवणाची कात्री हातात तशीच. सर म्हणाले, बसा, वाचा. मी म्हटलं, सर, तिला राहू द्या, तिला त्रास होतो. आणि तू वाचलंस. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीपाशी येऊन बसलेली म्हातारी, तिला छत्री हवीय आणि ती उठतच नाही दिवसभर — आणि तू जे सुरू झालीस ते थेट पान संपेपर्यंत. कुठे अडणं नाही, अडखळणं नाही. आपल्या वर्गातल्या त्या औषधांच्या दुकानवाल्यानं तर चष्मा काढला. मला हसू आवरेना, मला वाटलं कुणीतरी मागे बसून तुझ्या तोंडून बोलतंय. सर म्हणाले, पाण्यासारखं वाहतंय हिचं बोलणं. ते डोळे पुसत होते, मी पाहिलं ना. तोंड भरून कौतुक. मग मी घरी जाताना रस्त्यात तुला म्हटलं, अगं, छान वाचलंस, आणि तू म्हणालीस थँ — थँ — आणि तिथेच अडलीस. तेव्हा कुठे जरा जिवात जीव आला. म्हणजे, काळजी वाटत होती ना, की तुला काही झालं की काय.

पण खरं सांगू? आज सांगूनच टाकते, उद्या म्हणशील वहिनींनी आधी का नाही सांगितलं. सरांना तुझं ते अडखळणंच हवं होतं. हो. म्हातारी बाई, थकलेली, शब्द सापडत नाहीयेत, असं. त्यांना वाटलं होतं की तू मधे मधे अडशील आणि त्यातून ती म्हातारी खरी वाटेल — म्हणून तर तुला घेतलं. आणि तू बसलीस घडाघडा बोलत. परवा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, फार गुळगुळीत झालंय हो तिचं, मजा गेली. आता तुला कसं सांगणार ते, मऊ माणूस आहे. म्हणजे आता बघ, कशी पंचाईत आहे तुझी. अडलीस तर लोक हसणार आणि नाही अडलीस तर सर नाराज. काय? वाचनाच्या दिवशी तर अडली नव्हतीस? — हो, ते — म्हणजे त्यांना वाटलं की नंतर अडशील. सवयीनं. हात खाली कर, काय बोटानं खुणा करतेयस, मला माहीत आहे मी काय सांगितलं ते. पाण्यासारखं म्हणजे काय कौतुकच असतं का? पाण्याला चव तरी असते?

आणि ती छत्री. काळी छत्री होती संहितेत. सरांनी तुझ्यासाठी निळी केली, 'क' नको म्हणून, आणि तू त्या सगळ्यांसमोर उठून म्हणालीस, नको, काळीच राहू द्या. किती तोरा तो. लायब्ररीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच वाटलं, ही स्वतःच्या हातानं खड्डा खणतेय. कारण तालमीत जमणं वेगळं. तिथे आपलीच दहा-बारा टाळकी. आज बाहेर सगळ्या खुर्च्या भरल्यात, मी डोकावून आले. केंद्राच्या मुख्य बाई पहिल्या रांगेत बसल्यात. त्या कशासाठी आल्यात ते माहीत आहे ना तुला? आज तू कशी उभी राहतेस ते बघून मग पोरांचा वर्ग तुझ्याकडे द्यायचा की नाही ते ठरवणार. तू लपवलंस माझ्यापासून, पण सरांच्या पोटात काही राहतं का? पोरांचा वर्ग! तिथली पोरं काय करतात सांगू? तू कपड्यांची पेटी घेऊन व्हरांड्यातून गेलीस की मागून सुरू होतात, क-क-क-क, कोंबड्यांसारखी. मी रागावले एकदा त्यांना. म्हणजे हसत हसतच रागावले, पोरंच ती. त्यांना तू बोलायला शिकवणार?

अगं, रडू नकोस, आता खरंच रडू नकोस, कागदाखाली पाणी गेलं की फुगा येतो. मी तुझ्या भल्याचंच बोलतेय. भावजींना मी दाराजवळची खुर्ची दिलीय, पोरीला घेऊन बसलेत. म्हटलं, समजा तू अडलीसच, तर पोरीला पटकन बाहेर नेता येईल, तिनं आईचं तसलं काही बघायला नको. तिलाही सांगून ठेवलंय, की आई मधेच थांबली तर हसायचं नाही आणि कुणी हसलं तर बघायचं नाही त्यांच्याकडे. ती विचारत होती, आई थांबणार आहे का? मी म्हटलं, बघू या. मग ती नखं खात बसली. आता काय करणार, मूल आहे, त्याची मनाची तयारी करून ठेवलेली बरी. आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना मीच बोलावून आणलंय, म्हटलं घरातलं कौतुक आहे. माझ्याकडे बघ. डोळे उघड. ते म्हातारीचं शेवटचं मोठं बोलणं, सबंध पानभर, त्याचं पहिलं वाक्य मनात म्हणून बघ. म्हण. आलं का? नाही ना येत? बघ, गाल धरलेली बोटंसुद्धा सुटली तुझी.

मला येतं. कोणी विचारलं तर — कोणी विचारलं नाही, पण येतं. तुझं सगळं पाठ आहे मला, तुझ्या आधीपासून. भांडी घासताना म्हणते, हे झोपले की गच्चीवर जाऊन म्हणते. काल दुपारी घरी कुणी नव्हतं तेव्हा केसांत पावडर टाकून, काळा स्वेटर घालून, आरशासमोर बसून सगळंच्या सगळं करून पाहिलं. रडू आलं मला स्वतःचंच ऐकून. म्हणून म्हणते, मी आहे ना. लाज कसली त्यात? माणसाला बरं वाटेनासं होतं कधी कधी. तू फक्त मान हलव, बाकीचं मी बोलते सरांशी. भावजींशी बोलते. मुख्य बाईंना सांगते. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. कधी लागलाय का आजपर्यंत? तू इथे निवांत बस, मी करून येते, मग आपण दोघी घरी जाऊ. उद्या शाळेत पोरीची वही दाखवायला बोलावलंय, ते पण मी बघेन. हं? हलवलीस ना मान? परत हलव. शहाणी माझी. असं आधी केलं असतंस तर एवढं लेटेक्स तरी वाया गेलं नसतं.

सर! अहो सर, जरा आत या. दार ढकला, उघडंच आहे. हे बघा, घाबरू नका, सगळं हातात आहे — हिला नाही जमायचं आज. पहिलं वाक्यच आठवत नाहीये हिला. नको, नको, तिला बोलायला लावू नका, चेहरा ओला आहे, मला सांगितलंय तिनं सगळं. मी आहे ना तयार. पाच मिनिटं पडदा उशिरा उघडा, केसांत पावडर टाकली की — काय म्हणालात? लायब्ररीतल्या बाई? त्या कशाला? पुस्तक हातात घेऊन वाचणार, स्टेजवर? अहो सर, असं कोण करतं, लोक हसतील. आणि बदली मी आहे. फळ्यावर लिहिलंय तुम्ही, तुमच्याच अक्षरात — हिच्या नावापुढे बदली म्हणून माझं नाव आहे. म्हणजे? नियमासाठी म्हणजे काय? हिला रंगवायला घरचंच माणूस असलं की ती बिचकणार नाही — म्हणून? नुसतं म्हणून? नाही, माझा हात चांगला आहे ते सगळेच म्हणतात, ते मला माहीत आहे, पण मी पाठ केलंय, सर, सगळं, तुम्ही कुठूनही विचारा. हो. बरोबर. कधी ऐकलं नाहीत तुम्ही. मला वाटलं, खात्री आहे तुम्हाला. — नाही, घाई आहे हे कळतंय मला, मी कुठे अडवतेय. पण त्या पुस्तक हातात घेऊन वाचणार आणि मी — म्हणजे मी तोंडपाठ म्हणण्यापेक्षा तेही बरं, असंच ना? असंच म्हणताय ना तुम्ही? हो की नाही ते सांगा, सर.

तू कशाला उठलीस? बस खाली. बोलू नकोस, चीर पडेल, अगं —

काय म्हणालीस?

तू सरांशी बोलतेयस. 'काही झालेलं नाही, सर, मी करतेय' — एका दमात. 'काही'ला सुद्धा नाही अडलीस. आणि काय? वहिनी डावा गाल पुरा करतील, त्यांना चालेल. त्यांना चालेल. हे माझ्या वतीनं सांगतेयस तू, मी इथे उभी असताना, माझ्याकडे न बघता. मला विचारलंस का? सर, तुम्ही मान काय डोलावताय, मला विचारलं का तिनं? — हो. हो, चालेल. जा तुम्ही बाहेर. दुसरी घंटा द्यायला सांगा.

बस. धर गाल. दोन बोटांनी. ओठांच्या कडेला चीर पडलीय ती बुजवू का? तशीच राहू दे म्हणतेस? बरं. तू म्हणशील तसं. हनुवटी वर. अजून वर. नाही, मला काही झालेलं नाही, वास झोंबतोय. नाही गं, काही बोलत नाहीये मी.

सोड. झालं. आरसा तूच फिरवून घे, माझे हात चिकट आहेत. शाल त्या शिवणाच्या पुतळ्याच्या खांद्यावर आहे. काय? — हो, थांबते ना, थांबणारच, नाटक संपल्यावर हे सोलून काढायला कुणीतरी लागेलच. भावजींना सांग, पुढच्या रांगेत बसा म्हणावं पोरीला घेऊन. नाहीतर राहू दे, तूच सांगशील तुला हवं ते. तिसरी घंटा झाली. जाताना दार ओढून घे.